ऑर्डर एकदाच लिहायची: जँगोत जोडीच्या नोंदी आपोआप कशा कराव्यात

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्याला सॉफ्टवेअर करून द्यायचं म्हटलं की पहिली मागणी ठरलेली असते. दिवाणजी म्हणतात, "ऑर्डर आम्ही एकदाच लिहिणार ओ मॅडम. पुढची जॉबकार्डं, टप्पे, सगळं त्याचं त्यानं व्हायला पाहिजे." मागणी अगदी रास्त आहे. कागदावर तीच ऑर्डर आधी ऑर्डरवहीत, मग वॉर्पिंगवाल्याच्या (मागासाठीचे उभे धागे बीमवर गुंडाळणाऱ्याच्या) वहीत, मग शेडमधल्या फळ्यावर आणि शेवटी शिलाईच्या रजिस्टरात उतरवली जाते. एका ठिकाणी उतरवायची राहिली की माग रिकामा उभा राहतो आणि त्या पाळीची मजुरी बुडते ती विणकराची.

हे काम मी जँगोत, म्हणजे पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये, करते, म्हणून इथली सगळी उदाहरणं जँगोची आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. मुख्य नोंद ज्या फंक्शनमध्ये होते, तिथेच तिच्या जोडीच्या नोंदी करायच्या: उघडपणे आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी होतील नाहीतर एकही नाही अशा गठ्ठ्यात. सिग्नल, म्हणजे नोंद सेव्ह झाली की जँगो देते ती सूचना, जिच्यावर आपलं फंक्शन आपोआप चालतं, हा अगदी शेवटचा पर्याय. नव्याने शिकणाऱ्यांना बहुतेक वेळा सिग्नलच आधी दाखवला जातो आणि मग तोच हात लागेल तिथे वापरला जातो, म्हणून हे एवढं ठासून लिहिते आहे.

कोडमधली नावं मी देवनागरीत देते आहे. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर द्या. क्लासच्या नावात मात्र अंडरस्कोर नको, त्यातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करा. कॅस्केड, प्रोटेक्ट आणि ऑथ यूजर मॉडेल पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहा, आणि लोडडेटा हा एकच शब्द.

आधी मॉडेलं नीट मांडा

मॉडेल म्हणजे डेटाबेसातल्या एका टेबलाचं कोडमधलं वर्णन. एक ऑर्डर घेऊ. पार्टीने तीन प्रकारचा माल मागवलाय: 30 बाय 60 इंची टॉवेल दोन रंगांत आणि जॅकार्ड चादर. म्हणजे 'ऑर्डर' ही एक नोंद आणि 'ऑर्डरओळ' या तीन नोंदी. प्रत्येक ओळीमागे एक 'जॉबकार्ड' (त्या मालाच्या कामाचं कार्ड), आणि प्रत्येक जॉबकार्डाखाली 'टप्पे': सूत रंगाई, वॉर्पिंग, विणाई, कटाई-शिलाई, पॅकिंग.

टॉवेलाच्या बाबतीत एक गोष्ट आहे, जी शेडमध्ये जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम लागतात. एका बीमवर खालच्या विणीचा ताणा असतो आणि दुसऱ्यावर पाइलचा, म्हणजे टॉवेलावर जे फुगीर फासे दिसतात त्यांचा. म्हणून टॉवेलाच्या कार्डावर वॉर्पिंगचे टप्पे दोन. हा फरक कोडमध्ये 'माल टॉवेल असेल तर' असा लिहू नका. पुढच्या महिन्यात मालक नॅपकिन सुरू करतील, त्यानंतर वॉल हँगिंग, आणि तुमची जर-तरची यादी लांबतच जाईल. त्याऐवजी 'टप्पासाचा' नावाचं छोटं टेबल करा: मालाचा प्रकार, टप्प्याचा क्रमांक, टप्प्याचं नाव. टॉवेलाच्या सहा ओळी, चादरीच्या पाच. नवं जॉबकार्ड झालं की त्या प्रकाराच्या ओळी साच्यातून उचलायच्या आणि 'टप्पा' टेबलात उतरवायच्या. साचा बदलायचा अधिकार दिवाणजींच्या हातात राहतो, तुम्हाला फोन येत नाही.

नाती अशी जोडा. ऑर्डरओळ आणि जॉबकार्ड यांच्यात वनटूवन फील्ड द्या. या फील्डमुळे डेटाबेस स्वतःच एका ओळीला दोन कार्डं होऊ देत नाही. टप्प्याला जॉबकार्डाची फॉरेन की (टप्पा कुठल्या कार्डाचा ते सांगणारं फील्ड) द्या आणि 'जॉबकार्ड अधिक क्रमांक' या जोडीवर युनिककन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट) लावा. नोंदी आपोआप होणार म्हटल्यावर त्या कधीतरी दोनदा करायचा प्रयत्न होणारच, आणि तेव्हा तो अडवणारी खात्रीची भिंत डेटाबेसमधलीच असते. पायथॉनमधली 'आधीच आहे का' ही तपासणी दोन जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर उपयोगाची नाही.

ऑन डिलीट काय द्यायचं, म्हणजे मूळ नोंद पुसली तर जोडलेल्या नोंदीचं काय करायचं, याचाही विचार आत्ताच करा. जँगो 2.0 पासून ते लिहिणं सक्तीचंच आहे. टप्प्यांना कॅस्केड (तेही पुसले जातात) चालेल, कारण कार्डाशिवाय टप्प्याला अर्थ नाही. पण जॉबकार्डाच्या वनटूवन फील्डवर प्रोटेक्ट (मूळ नोंद पुसूच देत नाही) लावा. सूत रंगवून झालेल्या ऑर्डरीची ओळ कुणी चुकून पुसली तर कार्ड तिच्याबरोबर नाहीसं होता कामा नये.

कुठली नोंद करायचीच नाही

सगळं आपोआप करता येतं म्हणून सगळ्याच्या नोंदी करत सुटू नका. सुताचा हिशोब बघा. 30 बाय 60 इंच म्हणजे 76.2 बाय 152.4 सेंटिमीटर, क्षेत्रफळ सुमारे 1.16 चौरस मीटर. 400 जीएसएमचा (चौरस मीटरला 400 ग्रॅम) टॉवेल धरला तर एका नगाचं वजन साधारण 464 ग्रॅम आणि 500 नगांना सुमारे 232 किलो, वर घट वेगळी. हा आकडा नग आणि जीएसएमवरून कधीही काढता येतो, मग 'सूतगरज' नावाची वेगळी नोंद कशाला? उद्या पार्टीने 500 चे 600 केले की ती नोंद खोटी ठरते आणि गोडाऊनवाला जुन्याच आकड्यावर सूत काढून देतो. अशा गोष्टीला मॉडेलवर एक प्रॉपर्टी (मागितल्यावर हिशोब करून आकडा देणारी मेथड) लिहा.

गोडाऊनमधून प्रत्यक्ष सूत दिलं, ही मात्र घडलेली गोष्ट. तिची नोंद हवीच, पण ती गोडाऊनवाला करील.

आणखी एक बारकावा. मालाच्या मास्टरमध्ये आज जीएसएम 400 आहे, उद्या मालक 420 करतील. जुन्या कार्डांचा हिशोब त्यामुळे बदलायला नको. म्हणून जॉबकार्ड होताना त्या वेळचा जीएसएम कार्डावर उतरवून ठेवा. काढता येणारा आकडा साठवायचा नाही आणि नंतर बदलू शकणारा आधार साठवायचा, एवढं धरून चाललात तर बरीच गुंतागुंत टळते.

मुख्य फंक्शन

ॲपमध्ये 'सर्व्हिसेस' नावाची एक वेगळी फाइल करा आणि तिच्यात 'ऑर्डर तयार करा' हे फंक्शन लिहा. व्ह्यू, एपीआय, एक्सेलमधून ऑर्डरी चढवणारी कमांड, सगळ्यांनी हेच फंक्शन बोलवायचं. सांगाडा असा:

ट्रान्झॅक्शन ॲटॉमिक ब्लॉक उघडा
  ऑर्डर तयार करा
  प्रत्येक ओळीसाठी:
    ऑर्डरओळ तयार करा
    पुढचा कार्ड क्रमांक घ्या
    जॉबकार्ड तयार करा, जीएसएम उतरवून घ्या
    साच्यातून टप्पे घेऊन बल्क क्रिएट करा
  कमिट झाल्यावर मुकादमाला निरोप जाईल असं नोंदवा
ब्लॉक संपला, ऑर्डर परत द्या

ॲटॉमिक का, ते आमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेगळं सांगावं लागत नाही. दुपारी लाईट जाते, यूपीएस दगा देतो, ऑफिसातला सर्व्हर बंद पडतो. जँगो डीफॉल्टने प्रत्येक क्वेरी लगेच कमिट (डेटाबेसात पक्की) करते. म्हणजे दुसऱ्या ओळीनंतर लाईट गेली तर ऑर्डर आहे, दोन ओळी आहेत, एकाच ओळीला कार्ड आहे आणि तिसऱ्या ओळीचा पत्ता नाही, अशी अर्धवट ऑर्डर डेटाबेसात राहते. यादीत ती बाकीच्यांसारखीच दिसते, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. ॲटॉमिक ब्लॉकमध्ये असताना लाईट गेली तर काहीच राहत नाही. दिवाणजी ऑर्डर पुन्हा लिहितात आणि विषय संपतो.

या ब्लॉकच्या आत ट्राय-एक्सेप्ट लावून एरर गिळू नका. एरर ब्लॉकच्या बाहेर गेली तरच जँगोला कळतं की सगळं मागे घ्यायचंय. पकडायची तर ब्लॉकच्या बाहेर पकडा. आतच एखादी युनिकची एरर अपेक्षित असेल, तर तेवढ्या ओळीभोवती आणखी एक छोटा ॲटॉमिक ब्लॉक घाला. त्याने सेव्हपॉइंट (तेवढंच मागे घेता येईल अशी खूण) तयार होतो. नाहीतर पोस्टग्रेस हा डेटाबेस त्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढची एकही क्वेरी चालवून देत नाही.

कार्डाच्या क्रमांकाकडे नीट लक्ष द्या. 'आत्तापर्यंतची कार्डं मोजा आणि एक मिळवा' असं कोड मी कितीतरी ठिकाणी बघते. दोन कॉम्प्युटरांवरून एकाच वेळी ऑर्डर सेव्ह झाली की दोघांना तोच आकडा मिळतो. मधलं एखादं कार्ड पुसलं तर जुना आकडा परत येतो. त्याऐवजी 'क्रमांकमोजणी' टेबल ठेवा, एका आर्थिक वर्षाला एक ओळ. ॲटॉमिक ब्लॉकच्या आत ती ओळ सिलेक्ट फॉर अपडेट (ओळीला कुलूप) लावून, गेट ऑर क्रिएटने (असेल तर आणा, नसेल तर करा) घ्या, आकडा एकने वाढवा, सेव्ह करा. पहिल्याचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत दुसरा त्या ओळीपाशी थांबून राहतो. हे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलवर चालतं. एसक्यूलाइटवर सिलेक्ट फॉर अपडेटचा काहीच परिणाम होत नाही, आणि एररही येत नाही, तेव्हा लॅपटॉपवर चाललं म्हणून निर्धास्त होऊ नका.

टप्पे एकेक करून सेव्ह करण्यापेक्षा बल्क क्रिएट करा, एका कार्डाला एकच क्वेरी जाते. फक्त एवढं लक्षात असू द्या की बल्क क्रिएट मॉडेलची सेव्ह मेथड बोलवत नाही आणि प्री-सेव्ह, पोस्ट-सेव्ह सिग्नलही पाठवत नाही. क्वेरीसेटवरच्या अपडेटचंही तसंच.

निरोपाचं काम ऑन कमिटमध्येच टाका. मुकादमाला "नवीन कार्ड आलं" असा मेसेज ब्लॉकच्या आतून पाठवला आणि पुढच्या ओळीला एरर आली, तर कार्ड मागे घेतलं जाईल पण मेसेज नाही. बिचारा मुकादम नसलेलं कार्ड शोधत बसेल. ऑन कमिटला दिलेलं फंक्शन ट्रान्झॅक्शन खरोखर पक्कं झाल्यावरच चालतं. लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) देत असाल तर जपून: तो व्हेरिएबलची शेवटची किंमत उचलतो आणि तिन्ही मेसेज तिसऱ्याच कार्डाचे जातात. फंकटूल्समधलं पार्शल वापरा.

सेव्हचं बटण दोनदा दाबलं तर

नेट हळू असलं की माणूस बटण पुन्हा दाबतो, त्यात त्याची काही चूक नाही. ॲटॉमिक इथे वाचवत नाही, कारण डेटाबेसच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या, पूर्ण ऑर्डरी आहेत. फॉर्म उघडताना त्यात एक यूयूआयडी (दर वेळी वेगळा येणारा लांब क्रमांक) लपवून ठेवा, ऑर्डरच्या टेबलात त्यासाठी युनिक फील्ड द्या, आणि ऑर्डर गेट ऑर क्रिएटने करा. ते दोन गोष्टी परत देतं: ऑर्डर, आणि ती आत्ता नवी झाली का याचं हो-नाही. उत्तर 'नाही' आलं तर ओळी-कार्डांकडे न जाता जुनीच ऑर्डर दाखवा. गेट ऑर क्रिएटचा भरवसा फील्डवर युनिक असेल तरच, हे विसरू नका.

सिग्नल कुठे शोभतो

जे मॉडेल तुमचं नाही, तिथे. जँगोचं आयतं यूजर मॉडेल वापरताय आणि प्रत्येक यूजरमागे 'कर्मचारी' नोंद हवी आहे: कुठली शेड, कुठली पाळी. यूजर ॲडमिनमधून (जँगोच्या तयार नोंदी-पानांवरून) होतो, कमांड लाइनवरून सुपरयूजर होतो, उद्या तिसऱ्या कुठल्या पॅकेजमधूनही होईल. या सगळ्या वाटा तुमच्या हातात नाहीत. इथे पोस्ट-सेव्ह सिग्नल योग्य.

रिसीव्हर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, 'सिग्नल्स' फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल ॲपकॉन्फिगच्या रेडी मेथडमध्ये इम्पोर्ट करा. ही इम्पोर्ट राहिली की रिसीव्हर जोडलाच जात नाही, आणि कुठे काही तक्रारही येत नाही. सेंडर (कुणाचा सिग्नल ऐकायचा ते) म्हणून सेटिंग्जमधलं ऑथ यूजर मॉडेल द्या. रिसीव्हरच्या पहिल्या दोन ओळी मी नेहमी अशा लिहिते: रॉ खरं असेल तर परत फिरा, क्रिएटेड (नोंद आत्ता नवी झाली का) खोटं असेल तर परत फिरा. लोडडेटाने फिक्स्चर (तयार डेटाची फाइल) चढवताना जँगो रॉ खरं पाठवते. तेव्हा कर्मचारी नोंदी फाइलमध्ये आधीच असतात आणि तुम्ही आणखी केल्यात तर टक्कर होते. क्रिएटेड न तपासलं तर यूजरने लॉगिन केलं तरी रिसीव्हर धावतो, कारण लॉगिनची वेळ लिहितानाही यूजर सेव्ह होतो.

सिग्नल मागच्या बाजूला, सावकाश चालतो अशी समजूत फार पसरलेली आहे. तसं नाही. तो त्याच क्षणी, त्याच रिक्वेस्टमध्ये चालतो आणि त्याच्यात एरर आली तर सेव्ह बोलवणाऱ्यालाच ती मिळते. ॲटॉमिक ब्लॉक नसेल तर तोवर यूजर कमिट झालेला असतो, कर्मचारी मात्र नाही. मग कधीतरी टेम्प्लेटच्या बाहेर, एखाद्या व्ह्यूमध्ये, यूजरवरून कर्मचारी मागितला की रिलेटेड ऑब्जेक्ट डझ नॉट एक्झिस्ट ही एरर तोंडावर येते. म्हणून यूजर जिथे तुम्ही स्वतः करता, तिथे ॲटॉमिक घालाच.

मग ऑर्डरीला सिग्नल का नको? याचं उत्तर ॲडमिनमध्ये सापडतं. जँगो अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडली आणि 2005 साली सर्वांसाठी खुली झाली. तिचं ॲडमिन संपादकांना झटपट मजकूर भरता यावा या गरजेतून आलेलं, त्यामुळे मुख्य नोंद आणि त्याच पानावर तिच्याखाली इनलाइन ओळी ही सोय त्यात उत्तम आहे. पण क्रम असा असतो: आधी ऑर्डर सेव्ह होते, तिचा पोस्ट-सेव्ह सुटतो, आणि त्यानंतर इनलाइन ओळी सेव्ह होतात. ऑर्डरच्या पोस्ट-सेव्हमध्ये 'माझ्या ओळी द्या' म्हटलं तर यादी रिकामी येते. कार्ड एकही होत नाही, एरर येत नाही. ॲडमिनमधून ऑर्डरी घ्यायच्याच असतील तर मॉडेलॲडमिनची सेव्ह रिलेटेड मेथड ओव्हरराइड करा, आधी सुपर बोलवा आणि मग कार्डं करणारं फंक्शन. ॲडमिनचा फॉर्म जँगो स्वतःच ॲटॉमिकमध्ये चालवते, तेवढी काळजी मिटली. यासाठी 'ओळीचं कार्ड करा' हा भाग मुख्य फंक्शनमधून वेगळा काढून ठेवलेला बरा.

सेव्ह मेथड ओव्हरराइड करणं हा मधला मार्ग आहे. एक पार्टी, एक खातं, इतकं साधं नातं असेल तर मला तो चालतो. त्याहून जास्त काही असेल तर नाही.

जुन्या ऑर्डरींचं काय

सॉफ्टवेअर चालू असलेल्या कारखान्यात हे बसवताय, तर आधीच्या ओळींना कार्डं नसणार. त्यासाठी डेटा मायग्रेशन (डेटाबेसात एकदाच चालवायचा बदल) लिहा, रन पायथॉन वापरून. त्यात मॉडेल थेट इम्पोर्ट करायचं नाही. मायग्रेशनला मिळणाऱ्या ॲप्समधून गेट मॉडेलने घ्यायचं. या मॉडेलांवर तुमच्या मेथड नसतात आणि तुमचे सिग्नलही त्यांना लागू होत नाहीत, त्यामुळे कार्ड आणि टप्पे करायचा तेवढा भाग मायग्रेशनमध्ये पुन्हा लिहावा लागतो. तो लिहा, संकोच करू नका. ज्या ओळींचं जॉबकार्ड नल आहे तेवढ्याच फिल्टर करा, म्हणजे मायग्रेशन मध्येच तुटलं तरी पुन्हा चालवता येतं. टेबल बदलणारं मायग्रेशन आणि डेटा भरणारं मायग्रेशन वेगवेगळं ठेवा. पोस्टग्रेसवर दोन्ही एकत्र केली की अडतं.

माल निघून गेलेल्या ऑर्डरींना कार्डं करायची का, हे मात्र मालकांना विचारा. बहुतेक जण नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

टेस्ट

दोनच टेस्ट लिहायला वेळ असेल तर या लिहा. पहिली: दोन टॉवेलच्या आणि एक चादरीची ओळ असलेली ऑर्डर करा, कार्डं 3 आणि टप्पे 17 झाले पाहिजेत, सहा अधिक सहा अधिक पाच. दुसरी जास्त महत्त्वाची: टप्पे करणारं फंक्शन मॉक करून (त्याच्या जागी खोटं बसवून) त्यातून मुद्दाम एरर फेका आणि ऑर्डरींची संख्या शून्य आहे हे तपासा. ॲटॉमिक कुणी हलवला, काढला, तर ही टेस्ट लगेच लाल होते. निरोपाची टेस्ट करताना साध्या टेस्टकेसमध्ये ऑन कमिटची फंक्शनं चालत नाहीत, कारण तिथलं बाहेरचं ट्रान्झॅक्शन कधी कमिटच होत नाही. जँगो 3.2 पासून त्यासाठी कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स आहे (अंडरस्कोर न देता captureOnCommitCallbacks असं लिहायचं), एक्झिक्यूट खरं देऊन वापरा.

आणि एक मॅनेजमेंट कमांड ठेवा: चालू ऑर्डरींतल्या ज्या ओळींना कार्ड नाही आणि ज्या कार्डांना टप्पे नाहीत, त्यांची यादी छापणारी. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) पहाटेची वेळ लावा, सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत यादी दिवाणजींच्या ईमेलवर गेली पाहिजे. या कमांडने कार्डं स्वतः तयार करू नयेत, नुसती दाखवावीत. ओळ कार्डाशिवाय राहिली याचा अर्थ तुमचं फंक्शन टाळून कुणीतरी थेट डेटा घातलाय, एखाद्या स्क्रिप्टने, एखाद्या बल्क क्रिएटने, आणि ती वाट शोधून तिला 'ऑर्डर तयार करा' या फंक्शनकडे वळवायचं काम तुमचं आहे.